मामांची कवळी आणि मामीचा कापूस

श्रोतेहो, नमस्कार.

आजचा विषय आहे कोरड. परीक्षेच्या वर्गाबाहेर उभं असताना घशाला पडते ती नव्हे. रात्री सीपॅपचं, म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून हवा देणारं, मशीन लावून, नाकावर मास्क चढवून झोपणाऱ्या माणसाला पहाटे साडेतीन-चारला पडते ती. जीभ टाळूला चिकटलेली, ओठ दातांना चिकटलेले आणि अंधारात उशाशी तांब्या चाचपडणारा हात.

मी दातांचा डॉक्टर. झोपेच्या मशीनशी माझा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. पण ही मंडळी माझ्याकडे येतात ती हिरडीच्या कडेला दात किडले म्हणून. गोड खात नाही, दोनदा ब्रश करतो, तरी कीड. मग मी विचारतो, रात्री मास्क लावता का? आपल्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते आणि तीच दातांची राखण करते. झोपेत ती आधीच थेंबाथेंबानं सुटते. त्यावरून रात्रभर वारा वाहिला, तर तोंडाचा पापड होणार नाही तर काय?

मशीनबद्दल दोन शब्द. झोपेत ज्यांचा घसा मिटतो, श्वास अडतो, तासाला पाचपेक्षा जास्त वेळा, काहींचा तर तीसपेक्षाही जास्त वेळा, त्यांच्यासाठी ते असतं. खोलीतलीच हवा किंचित दाबानं नाकातून आत जाते आणि घसा उघडा ठेवते. तो ऑक्सिजन नव्हे, बरं का, साधी हवाच. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन या डॉक्टरांनी 1980 साली हे पहिल्यांदा करून पाहिलं, तेव्हा व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी चालवली होती. घर झाडायच्या यंत्रानं माणसाचा श्वास मोकळा केला. आणि आपल्याकडे अजूनही घोरणाऱ्याला 'काय गाढ झोपलाय गडी' असं कौतुकानं म्हणतात! गाढ कसली, बिचारा रात्रभर गुदमरत असतो.

असो. मला सांगायची आहे ती माझ्या मामांची गोष्ट.

मामा नागपूरचे, अजनीला राहतात. रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांचं घोरणं हा आमच्या आजोळचा ऐतिहासिक ठेवा होता. लग्नाच्या वऱ्हाडात त्यांच्या खोलीत झोपायला कुणी तयार नसे. मामी मात्र चाळीस वर्षं त्या आवाजात शांत झोपली. पुढे मामा भर दुपारी, हातात भाजीची पिशवी घेऊन, बँकेच्या रांगेत उभ्या उभ्या पेंगायला लागले, तेव्हा तपासणी झाली आणि मशीन आलं. पहिल्या रात्री घोरणं थांबलं. मामा झोपले आणि मामी टक्क जागी. शांततेत तिला झोप येईना! दर दहा मिनिटांनी उठून मामांच्या छातीवर हात ठेवून बघायची.

हिवाळा बरा गेला. मग मे महिना आला. नागपूरचा मे ज्यांनी भोगलाय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी भोगला नाही त्यांना सांगून कळणार नाही. आजवर त्या घरात कूलर होता, वाळ्याची ताटी लावलेला. त्याचा तो ओला, मातकट, गोड वास. माझं स्पष्ट मत आहे की वाळ्याच्या कूलरसमोर जगातला कुठलाही एसी पाणी भरतो. पण मुलानं हौसेनं एसी बसवला आणि अठरावर ठेवला. अठरा! बाहेर पंचेचाळीस आणि आत माणसं गोधडी घेऊन झोपलेली. ही कुठली रीत? कूलर हवेत ओलावा घालतो, एसी हवेतला ओलावा काढून घेतो. झालं, मामांच्या तोंडाचं वाळवंट.

मला फोन आला. "काहून बे बाळ्या, हे मशीन माझी जीभ वाळवून राहिलं ना! कुरडई झाली पार!"

मी म्हटलं, मामा, मशीनला पाण्याची टाकी आहे ना, ह्युमिडिफायर? तो एक-एक अंकानं वाढवा. मामांनी एका रात्रीत शेवटच्या अंकावर नेला. रेल्वेचा माणूस, सिग्नल हिरवा म्हणजे पूर्ण वेग. मग काय, टाकीतली ऊबदार वाफ, खोली थंडगार, नळीत पाणी धरलं. पहाटे नळी हुक्क्यासारखी गुडगुडायला लागली आणि पाण्याचा शिपका थेट नाकात. मामा ओरडत उठले, "मशीन मले आंघोळ घालून राहिलं!" आणि त्यांनी टाकीच काढून ठेवली. म्हणजे कोरड पहिल्यापेक्षा दुप्पट.

मामीनं जुन्या सुती लुगड्याची दुपदरी खोळ शिवून नळीला घातली. नळीनं गोधडी पांघरली म्हणा ना. मशीन पलंगापेक्षा खाली ठेवलं, म्हणजे धरलेलं पाणी नाकाकडे न येता माघारी टाकीत जाईल. एसी सव्वीसवर आणला. गुडगुड थांबली. कोरड जरा कमी झाली, पण गेली नाही.

मी मेच्या शेवटी, ऐन नवतपात, नागपूरला गेलो. रात्री मामी मला म्हणाली, "बाळ्या, ह्यांच्या तोंडातून फुस्स फुस्स आवाज येतो. कुकरची शिट्टी ढिली झाल्यासारखा. मला तर वाटतं हवा तिथूनच जाते." मी म्हटलं, मामी, मास्क नाकावर आहे, हवा नाकात जाते. मोठा शहाणा मी! मामी काही बोलली नाही. दिवसभर ती देवासाठी फुलवाती करत बसलेली असायची. तिनं त्या डब्यातला चिमूटभर कापूस घेतला, पिंजून अगदी भुरभुरीत केला आणि झोपलेल्या मामांच्या ओठांसमोर धरला.

कापूस उडाला. भुर्रकन उडाला, श्रोतेहो, आणि माझ्या चष्म्यावर येऊन बसला.

मोठमोठे रिपोर्ट एकीकडे आणि तो चिमूटभर कापूस एकीकडे. हवा नाकातून आत जात होती आणि उघड्या तोंडातून बाहेर पळत होती. आजच्या बोलण्यातलं एवढं एकच ध्यानात ठेवलंत तरी पुरे: मास्क नाकावर असूनही तोंड कोरडं पडत असेल, तर पहिला संशय उघड्या तोंडाचा. पुन्हा सांगतो, हवा तोंडातून निसटतेय का ते आधी बघा. नुसतं पाणी वाढवून हे भागत नाही. फुटक्या माठात किती पाणी ओताल? आणि निसटती हवा नुसतं तोंडच वाळवत नाही. नाकातून एकाच दिशेनं वारा वाहत राहिला की नाक आतून सुजतं, चोंदतं. नाक चोंदलं की तोंड आणखी उघडतं, आणि दाबही कमी पडतो, म्हणजे उपचारही अर्धवट.

आता तोंड उघडं का पडतंय? मी म्हटलं, हनुवटीला पट्टा मिळतो, डोक्यावरून घेऊन जबडा वर धरतो. सकाळी आणून दाखवला. मामी स्वयंपाकघरातून आली, पट्टा बघितला आणि तिचा चेहरा पांढराफटक. "अरे, हनुवटी कुणाची बांधतात, ठाऊक आहे ना तुला? माझ्या घरात जिवंत माणसाची हनुवटी बांधायची नाही!" मामा हसायला लागले, पण पट्ट्याला हात काही लावला नाही त्यांनीही. पट्टा आला तसा परत गेला. वैद्यकशास्त्र आपल्या जागी, पण काही गोष्टी माणसाला सोसत नाहीत आणि त्यात हसण्यासारखं काही नाही, असं मला वाटतं. शिवाय नुसत्या पट्ट्यानं ओठ बंद होतीलच असंही नसतं.

उलगडा झाला तो दुसऱ्या रात्री. मामा झोपायच्या आधी न्हाणीघरात गेले, आले ते गाल आत गेलेले. कवळी डबीत! वरची, खालची, दोन्ही. आणि मी दातांचा डॉक्टर, मीच त्यांना सांगितलेलं होतं, रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायची, हिरड्यांना विश्रांती द्यायची. ते बरोबरच आहे. पण विचारलं, मामा, दुकानात मास्क बसवून बघितला तेव्हा कवळी होती? "असेल ना बे, दुपारची वेळ. चारचौघांत काय बोळक्यानं बसू?" म्हणजे मास्क घेतला दातवाल्या चेहऱ्यासाठी आणि घालत होते बोळक्या चेहऱ्यावर. दात नसले की जबडा खाली सरतो, ओठ सैल पडतात, गालांचा आधार जातो. मामांचं तर पूर्वीपासून एक नाक बंद, पडदा वाकडा.

मग त्यांच्या डॉक्टरांना विचारून नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मास्क घ्यायचं ठरलं. मामा दुकानात गेले, कवळी रुमालात गुंडाळून खिशात घातली, आडवे पडून, मशीन चालू ठेवून मास्क बसवला. चारचौघांत. आणि काय लाजायचं त्यात? ज्या देशात लोक बसमध्ये मोबाईलवर मोठ्यानं घरची भांडणं ऐकवतात, तिथं कवळीची लाज?

वेळ बराच गेला, तेव्हा बाकीचं भराभर सांगतो.

टाकीत पाणी डिस्टिल्ड घाला, केमिस्टकडे मिळतं. आरओचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड नव्हे, त्यात क्षार उरतात, टाकीत पांढरा थर बसतो. बॅटरीत घालायचं पाणीही नको, ते श्वासासाठी केलेलं नसतं. एखाद्या रात्री नाहीच मिळालं तर उकळून गार केलेलं घाला. टाकी रोज रिकामी करून, धुऊन वाळवायची. कालच्या पाण्यात आजचं पाणी ओतायचं नाही.

नाक चोंदत असेल तर झोपण्याआधी सलाईनचा फवारा मारा. तेवढ्यानं भागलं नाही तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जा. ॲलर्जीच्या, मनाच्या आजाराच्या, लघवीच्या, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही तोंड सुकतं, मधुमेहानंही सुकतं. गोळी आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. दारूचा अंश असलेल्या माउथवॉशनं तोंड आणखी वाळतं. फ्लोराईडच्या पेस्टनं रात्री ब्रश करा. तोंड ओलं ठेवणारं जेल केमिस्टकडे मिळतं. आंबट-गोड गोळ्या चघळत झोपू नका, नाहीतर मग माझीच भेट.

आणि एक. हल्ली मोबाईलवर बघून तोंडाला चिकटपट्टी लावून झोपण्याचं खूळ आलंय. नाक चोंदलेलं, तोंडाला पट्टी आणि मध्यरात्री लाईट गेली, तर? नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कला अशा वेळी बाहेरची हवा घेणारी झडप असते. चिकटपट्टीला नसते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा उद्योग करू नका.

कोरड पडते म्हणून मशीन मात्र कपाटात टाकू नका. हे मी दोनदा सांगणार होतो, म्हणून दुसऱ्यांदा: मशीन कपाटात टाकू नका. मास्क बदलता येतो, दाब तपासून घेता येतो. मशीन हवेच्या गळतीचा आकडा रोज नोंदवून ठेवतं, तो डॉक्टरांना दाखवा.

काचेपलीकडून ताई बोट दाखवताहेत, एक मिनिट उरलंय. मामांचं सांगून टाकतो. परवा फोन केला तर म्हणाले, तांब्या आता सकाळी भरलेलाच असतो. मामीनं फोन ओढून घेतला. म्हणाली, मला मात्र अजून झोप लागत नाही रे, हे घोरतच नाहीत. मग अधूनमधून उठते, फुलवातीच्या डब्यातला कापूस काढते आणि मास्कच्या कडेकडेनं फिरवून बघते.

नमस्कार.