चादरीवर ठेवलेला लॅपटॉप

(दृश्य : पूर्व भागातली गल्ली, भर दुपार. आधी फक्त मागाचा आवाज, मग चित्र.)

सोलापूरच्या पूर्व भागात मे महिन्याच्या दुपारी दोन वाजता रस्त्यावर चिटपाखरू नसतं. पण आवाज थांबत नाही. खटक्-खटक्, खटक्-खटक्. खालच्या मजल्यावर माग, वरच्या मजल्यावर घर. अशाच एका चादरीच्या कारखान्यावर आम्ही वीस मिनिटांचा माहितीपट केला. शूटिंग चार दिवसांत उरकलं, संकलनाला दीड महिना लागला. त्यातले पहिले दहा दिवस मी एकही कट मारला नाही. नुसता लॅपटॉपशी भांडत होतो.

कॅमेरा भाड्याचा होता, रेड कंपनीचा, आठ-के चित्रण करणारा. पुण्यात जाऊन कॅमेरामन झालेल्या आमच्या शाळासोबत्याने तो आणला होता. मी म्हटलं, आपली फिल्म शेवटी बघणार कुठे? मोबाइलवर. थिएटरात लावली तरी तिथले बहुतेक प्रोजेक्टर २के, म्हणजे २०४८ बाय १०८० ठिपक्यांचे. मग आठ-के, म्हणजे रुंदीत आठ हजारांवर ठिपके, कशाला? त्याने मला उत्तर दिलंच नाही. साध्या कॅमेऱ्यावर घेतलेला चादरीचा एक क्लोजअप तेवढा दाखवला.

(दृश्य : चादरीच्या नक्षीवर सरकणाऱ्या रंगीत लाटा.)

कापडाची वीण म्हणजे एक जाळी. कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरवर ठिपक्यांची दुसरी जाळी. दोन्हींचं माप एकमेकांच्या जवळ आलं की चादरीत नसलेली तिसरीच नक्षी पडद्यावर वळवळायला लागते. त्याला मोआरे म्हणतात, आणि संकलनात तो धड पुसता येत नाही. ठिपके जास्त असले, जाळी बारीक असली, की हा त्रास पुष्कळ कमी होतो. चादरीवरच्या फिल्ममध्ये चादरच खोटी दिसणार असेल तर काय उपयोग? आठ-केला मी मान डोलावली. ते किती महागात पडणार आहे हे तेव्हा कुठे माहीत होतं!

(दृश्य : टेबलावर लॅपटॉप. पडद्यावर अडकत चाललेलं चित्र.)

संध्याकाळी त्याचा फोन.
"का बे, चालतंय का फुटेज?"
"चालतंय कुठलं! दोन फ्रेम पुढं जातंय आन् दम खातंय."

यात फाइलचा दोष नाही. ती रॉ फाइल आहे, म्हणजे तिच्यात अजून चित्र नाहीच, चित्राचा कच्चा माल आहे. सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर एकच रंगीत गाळणी असते. अर्ध्या ठिपक्यांवर हिरवी, पाव ठिपक्यांवर लाल, उरलेल्या पावावर निळी. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांच्या नावावर १९७६ साली या मांडणीचं पेटंट झालं, आणि आजही बहुतेक कॅमेरे तीच वापरतात. एका ठिपक्याला एकच रंग कळतो. बाकीचे दोन शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून काढावे लागतात. आठ-केच्या एका फ्रेममध्ये ८१९२ बाय ४३२०, म्हणजे साडेतीन कोटी ठिपके. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर एका सेकंदात जवळपास ८५ कोटी ठिपक्यांचा हा हिशेब. त्याच्याआधी कॅमेऱ्याने दाबून ठेवलेला डेटा उलगडायचा, ते काम वेगळंच.

हे काम कोणी करायचं?

(दृश्य : जॅकार्ड. वर-खाली होणारे शेकडो धागे.)

मागाकडे बघा. हातमागावर नक्षी काढणारा कसबी विणकर एकेक धागा उचलतो. त्याचं डोकं तल्लख, हात दोनच. लॅपटॉपचा प्रोसेसर तसा असतो. जॅकार्डला, म्हणजे मागावर बसवलेल्या नक्षीच्या यंत्राला, डोकं नाही, पण एका फेऱ्यात तो शेकडो तारा, म्हणजे उभे धागे, एकदम उचलतो. ग्राफिक्स चिप म्हणजे जॅकार्ड. साडेतीन कोटी ठिपक्यांचं एकसारखं काम हजारो हातांनी एकाच वेळी करायला ती बनलेली असते.

हे काम तिच्याकडे यायला मात्र बरीच वर्षं गेली. रेड कंपनीचा पहिला ४के कॅमेरा २००७ साली आला. त्याची फाइल सरळ चालवता यावी म्हणून २००९ मध्ये कंपनीने रॉकेट नावाचं खास कार्ड काढलं. किंमत ४,७५० डॉलर, आणि बसणार फक्त मोठ्या डेस्कटॉपमध्ये. लॅपटॉपवाल्याने आशाच सोडायची. फाइल उलगडणं आणि रंग भरणं ही दोन्ही कामं साध्या ग्राफिक्स चिपवर करू, असं रेड आणि ग्राफिक्स चिप बनवणारी एनव्हिडिया यांनी २०१८ मध्ये जाहीर केलं, तेव्हा आमच्यासारख्यांच्या जिवात जीव आला.

मग माझ्या लॅपटॉपला काय झालं होतं?

(दृश्य : लॅपटॉपवरचं स्टिकर, जवळून.)

मी स्टिकर बघून घेतला होता. आरटीएक्स ४०६०, एनव्हिडियाची ग्राफिक्स चिप. दुकानदार म्हणाला, "साहेब, सगळं चालतंय याच्यावर." दुकानदाराने वॅट सांगितले नाहीत आणि मीही विचारले नाहीत. ही एकच चिप लॅपटॉप बनवणारी कंपनी ३५ वॅटवरही चालवू शकते आणि ११५ वॅटवरही. नाव तेच, स्टिकर तेच. माझा लॅपटॉप पातळ, दिसायला देखणा. त्यात चिपला वीज जेमतेम मिळायची. मित्राकडचा जाडजूड लॅपटॉप त्याच चिपवर माझ्या पुढे पळायचा. वर्षभर आधी कोणी मला एवढंच सांगितलं असतं, तर मी दुकानातून वजनाने जड असलेला लॅपटॉप उचलून आणला असता.

नावाचा घोळ वरच्या चिपांमध्ये तर अजून मोठा आहे. डेस्कटॉपच्या ४०९० मध्ये २४ जीबी मेमरी आणि १६,३८४ कोअर, म्हणजे चिपचे काम करणारे हात. लॅपटॉपच्या ४०९० मध्ये १६ जीबी आणि ९,७२८ कोअर. दोन भावांचं आडनाव एक असतं, तेवढाच संबंध.

दुसरी गोष्ट व्हीरॅम, ग्राफिक्स चिपची स्वतःची मेमरी. माझ्याकडे ८ जीबी. रंगसंस्काराचं सॉफ्टवेअर प्रत्येक ठिपक्याचे चार आकडे प्रत्येकी ३२ बिटांत ठेवतं, म्हणजे ठिपक्यामागे १६ बाइट. आठ-केची एक फ्रेम झाली ५६६ एमबी. कारखान्यात उजेड कमी, त्यामुळे चित्रात दाणे. दाणे घालवायचे तर मागच्या दोन आणि पुढच्या दोन फ्रेम शेजारी ठेवून तुलना करावी लागते. पाच फ्रेमचे पावणेतीन जीबीच्या वर गेले. त्यावर रंगाचे चार थर चढवले की पडद्यावर पाटी येते : ग्राफिक्स मेमरी संपली. चिप कमी ताकदीची असेल तर काम रडतखडत का होईना, होतं. मेमरी संपली की होतच नाही. म्हणून दोन्हींतून एकच परवडत असेल, तर मी आधी व्हीरॅम बघेन. आठ-केला १२ जीबीच्या खाली जाऊ नये असं माझं आता मत झालंय, आणि १६ मिळाले तर डोळे झाकून घ्यावेत.

गंमत वेगळीच आहे. दुसरा कॅमेरा साधा मिररलेस होता, त्याच्या फाइली चिमुकल्या, आणि अडकायच्या त्यासुद्धा. त्या एच.२६५ या पद्धतीने घट्ट दाबलेल्या, आणि रंगाची माहिती जास्त राखणाऱ्या १० बिट, ४:२:२ प्रकारातल्या होत्या. हा प्रकार एनव्हिडियाच्या चिपांना २०२५ च्या ५० मालिकेपर्यंत हार्डवेअरवर उलगडताच येत नव्हता. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमध्ये जी बिनपैशाची ग्राफिक्स चिप येते, तिला मात्र येतो. सेटिंगमध्ये काम तिच्याकडे सोपवलं आणि फाइल पळायला लागली. महागडा पाहुणा बसून राहिला, घरच्या पोराने काम केलं.

(दृश्य : बंद खिडकी, फिरणारा पंखा.)

आता उन्हाळा. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी सहज ओलांडतो. लॅपटॉपचा पंखा खोलीतलीच हवा आत ओढणार, आणि खोलीतली हवाच तापलेली. चिप ठराविक तापमानाच्या पुढे सरकली की स्वतःला वाचवायला वेग कमी करते. त्यात मी कारखान्यातच बसून फुटेज उतरवून घेत होतो. तिथल्या हवेत सुताचे बारीक तंतू तरंगत असतात, आणि पंख्याच्या जाळीला ते घट्ट चिकटतात. चौथ्या दिवशी लॅपटॉप उघडला तर आत पातळ गादीच तयार झालेली. घरी आल्यावर तो कशावर ठेवत होतो? अण्णांनी, म्हणजे कारखान्याच्या मालकांनी, भेट दिलेल्या चादरीवर. ती इतकी जाड की लॅपटॉपच्या पोटाला हवा लागायची सोय नाही. ज्या चादरीची फिल्म करत होतो, तीच गळा दाबत होती!

शेवटी मार्ग निघाला तो नवीन लॅपटॉप न घेताच. रेडची फाइल अशा रीतीने दाबलेली असते, की ती पूर्ण न उलगडता अर्ध्या मापात उघडता येते. आठ-के उघडायची ४के म्हणून. फ्रेम ५६६ वरून १४१ एमबीवर येते. कट मारण्यासाठी सगळ्या फुटेजच्या हलक्या प्रॉक्सी फाइली, म्हणजे कमी मापाच्या कामचलाऊ प्रती, करून घेतल्या. लाइट गेली की काम बंद, कारण बॅटरीवर चिप अर्धीही चालत नाही. आणि पूर्ण मापाचं रेंडर, म्हणजे अंतिम फाइल तयार करणं, फक्त रात्री एकनंतर, गच्चीवर, लॅपटॉपखाली दोन विटा लावून.

(दृश्य : रात्र. गच्ची. पडद्याचा उजेड चेहऱ्यावर.)

फिल्म तयार झाली तेव्हा अण्णांना दाखवायला घेऊन गेलो. चादरीचा तो क्लोजअप आला, तसे ते पुढे वाकले.

"थांबव. अजून मोठं कर."

मोठं केलं. आठ-के होतं, फाटलं नाही.

अण्णांनी पडद्यावर बोट ठेवलं. "ही बघ. तार तुटलेली आहे. त्या दिवशीची पन्नास नग परत आली होती. पोरं म्हणत होती, माग ठीक आहे."

मग त्यांनी आतल्या पोराला हाक मारली, आणि फिल्म तिथेच थांबली.