घरी बसवली नाही, घरी शिकतेय

नमस्कार श्रोतेहो. मी साताऱ्यातून बोलतेय. माझी मोठी मुलगी १२ वर्षांची आहे आणि गेली तीन वर्षं ती शाळेत जात नाही, घरीच शिकते. लोक याला होमस्कूलिंग म्हणतात. मी आज त्याबद्दलच बोलणार आहे, पण सुरुवात माझ्या आईपासून करते, कारण तिच्या एका वाक्याने मला जेवढं हलवलं तेवढं बाकी कुणाच्याच बोलण्याने नाही हलवलं.

मुलीचं नाव शाळेतून काढून आले त्या संध्याकाळी आई कोरेगावहून आली होती. तिला सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "म्हणजे तू पोरीला घरी बसवलीस."

आपल्या मराठीत "पोरगी घरी बसवली" याचा अर्थ काय होतो हे तुम्हाला मी सांगायला नको. धाकट्या भावंडांना सांभाळायला, धुणंभांडी करायला, लग्न होईपर्यंत वाट बघायला पोरगी घरी बसवायची. माझ्या आईच्या दोन मोठ्या बहिणी अशाच चौथीनंतर घरी बसल्या. आई मात्र शिकली, कारण रयत शिक्षण संस्थेचं हायस्कूल तोवर चालत जाता येईल इतकं जवळ आलं होतं. १९७२ साली, त्या मोठ्या दुष्काळात, ती जुनी अकरावी मॅट्रिक झाली. रयत उभी करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांना, म्हणजे अण्णांना, तिने कधी पाहिलं नाही, ते १९५९ लाच गेले, पण आजही ती "अण्णा" असंच म्हणते, घरातलं कुणी असावं तसं. वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकलं ही गोष्ट मी लहानपणी तिच्याकडून इतक्या वेळा ऐकलीये. आणि आपला जिल्हा तर सावित्रीबाईंचा, नायगाव इथलंच. अशा ठिकाणी राहून, आयती शाळा दाराशी असताना, मी मुलीला शाळेतून काढली. आईला राग आला तो बरोबरच होता. मी आजही तिला चूक म्हणत नाही.

आता आम्ही हे का केलं ते सांगते. शाळा वाईट होती असं नाही. मुलगी पहिलीत असताना लॉकडाऊन लागलं, पुढची दोन वर्षं सगळं मोबाईलवर, आणि शाळा परत सुरू झाल्यावर ती गेली पण रोज सकाळी पोटात दुखायला लागलं. डॉक्टरांनी तपासलं, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. रविवारी दुखत नव्हतं. वर्गात पन्नासच्या वर मुलं, बाईंनी तरी कुणाकुणाकडे बघायचं, मला त्यांचीही दया यायची. आम्ही वर्षभर थांबलो, समुपदेशकांकडे गेलो, शाळेशी बोललो, आणि मग माझ्या नवऱ्यानेच एक दिवस विचारलं, लॉकडाऊनमध्ये ही घरी काय काय करायची आठवतंय का तुला? आठवत होतं. मुंग्यांच्या रांगेमागे तासतास फिरायची, किशोर मासिकाचे जुने अंक वाचायची (बालभारतीने किशोरचे १९७१ पासूनचे अंक नेटवर फुकट ठेवलेत, ज्यांना माहीत नसेल त्यांनी जरूर बघा), मला प्रश्न विचारून भंडावून सोडायची. ती पोरगी कुठे गेली, असं आम्हाला वाटत होतं.

पहिले चार महिने मात्र मी फार चुकले. मी घरातच शाळा काढली. भिंतीवर टाईमटेबल, सकाळी दहाला मराठी, अकराला गणित, मधली सुट्टी, सगळं. बालभारतीची पुस्तकं डाऊनलोड करून प्रिंट मारून आणली आणि पोरीसमोर बसले, आणि तिला एखादं गणित आलं नाही की माझा आवाज चढायचा, कारण मला आता भीती वाटत होती, ही मागे पडली तर सगळे मलाच बोलणार आणि आईचं म्हणणं खरं ठरणार. मुलीचं पोट परत दुखायला लागलं. घरात, माझ्यासमोर. त्या दिवशी मी टाईमटेबल भिंतीवरून काढलं आणि रात्री खूप रडले. शाळेत जे झालं त्याला निदान पन्नास मुलांचं कारण होतं, माझ्यासमोर तर एकच होती.

मग अपूर्णांकांचं झालं ते सांगते. दहाव्या वर्षापर्यंत तिला अपूर्णांक अजिबात समजत नव्हते. तीन छेद चार म्हटलं की चेहरा कोरा. मी व्हिडिओ दाखवले, कागदाच्या घड्या घातल्या, भाकरीचे तुकडे केले, काही फरक नाही. दिवाळीच्या आधी आई आली होती, आमच्या शेजारच्या काकू फराळाच्या ऑर्डरी घेतात आणि त्यांना मदत म्हणून आई लाडवांचं माप काढत होती. पाऊण किलोचे सहा डबे, तर बेसन किती, तूप किती. आईने कागद घेतला नाही, कॅल्क्युलेटर घेतला नाही, नुसती पुटपुटली, "दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन, पाच पाऊण पावणेचार, सहा पाऊण साडेचार." माझी मुलगी बघतच राहिली. आजी हे काय म्हणतेस? पाऊणकी, पाऊणचा पाढा, आई म्हणाली. आम्हाला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी सगळं पाठ करायला लागायचं, नाहीतर छडी.

त्या दिवाळीत आजी आणि नात रोज दुपारी काकूंकडे. पाठांतरासाठी नाही हो, माप चुकलं तर लाडू बिघडतील म्हणून. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे सगळे शब्द मुलगी लहानपणापासून बोलत होती, पण हे म्हणजेच ते पुस्तकातले अपूर्णांक हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं, मीही नाही. पंधरा दिवसांनी ती स्वतःच येऊन म्हणाली, आई, तीन छेद चार म्हणजे पाऊण ना, मग तीन छेद चार गुणिले सहा म्हणजे सहा पाऊण साडेचार. एवढंच होतं? मला काय बोलावं कळेना. जिने मला बोल लावला होता तिनेच माझ्या मुलीला शिकवलं. आणि मला हेही कळलं की शिकवणारी मी एकटी असायची गरज नाही, माझं काम म्हणजे अशी माणसं आणि अशा जागा तिच्यापर्यंत आणणं आणि मग गप्प बसणं. गप्प बसणं सगळ्यात अवघड.

आमचा दिवस कसा असतो असं लोक विचारतात. सकाळी साडेसहाला दूध, चहा, नवरा बँकेत जाईपर्यंत घाईच असते. मी घरून हिशोबाची, जीएसटी रिटर्नची कामं घेते, पूर्वीची नोकरी सोडली. हे मी मुद्दाम स्पष्ट सांगतेय कारण होमस्कूलिंगबद्दल बोलताना या गोष्टीवर कुणी बोलत नाही. फी वाचते म्हणतात, पण एक पगार जातो. आणि तो बहुतेक घरात बाईचाच जातो. आम्हाला ते झेपलं, सगळ्यांना झेपेल असं नाही. सकाळी दोन तास मुलगी गणित आणि इंग्रजी करते, यात आम्ही सूट देत नाही. बाकीचं तिच्या मनाने. आठवड्यातून दोनदा नगरवाचनालय. मंडईत जाऊन भाजी आणायची, हिशोब ठेवायचा. मागच्या वर्षी तिला फुलांचं वेड लागलं, कासच्या पठारावर पावसाळ्यात सहा वेळा गेलो, आमच्यापासून साधारण २५ किलोमीटर. तिथे सीतेची आसवं नावाचं जांभळं नाजूक फूल असतं, दिसायला एवढंसं, पण ती वनस्पती किडे खाते, चिखलात तिच्या बारीक पिशव्या असतात, आत बारीक जीव ओढले जातात. यावरून ती दलदलीची माती, तिथे नायट्रोजन कमी का, मग वनस्पतीला किडे का खावे लागतात, असं करत करत जे वाचत गेली ते सहावीच्या पुस्तकात कुठेच नव्हतं. पण त्याच महिन्यात इतिहास काहीच झाला नाही, हेही खरं. शिवाय काही दिवस असे जातात की काहीच होत नाही, ती लोळत पडते, मी कामात, आणि संध्याकाळी मला वाटतं आपण हिचं वाटोळं तर करत नाही ना.

मित्रमैत्रिणींचा प्रश्न मोठा आहे. "मुलं एकलकोंडी होतील" असं सगळे म्हणतात, त्यावर होमस्कूलिंगवाले पटकन म्हणतात, नाही, उलट आमची मुलं सगळ्या वयाच्या लोकांशी बोलतात. बोलतात, खरंय. पण १२ वर्षांच्या मुलीला १२ वर्षांची मैत्रीण लागते. आमच्या गल्लीतल्या मुली शाळा, मग क्लास, सात वाजता घरी. ही साडेपाचपासून गॅलरीत उभी. खो-खोच्या मैदानावर नाव घातलं तेव्हा जरा जीवात जीव आला. पण स्पर्धेच्या फॉर्मवर शाळेचं नाव आणि बोनाफाईड मागितलं आणि ती टीमसोबत जाऊ शकली नाही. त्या दिवशी ती मला काही बोलली नाही, बूट काढून ठेवले आणि झोपली. याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

कायद्याचंही विचारतात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे असं त्यात लिहिलंय, पण न घातल्यास पालकांना शिक्षा मात्र दिलेली नाही, आणि घरी शिकण्याबद्दल कायदा काहीच बोलत नाही. म्हणजे आम्ही मधल्या कुठल्यातरी जागेत उभे आहोत. पुढे दहावीसाठी एनआयओएस आहे, राष्ट्रीय मुक्त विद्यालय, १९८९ ला सुरू झालेलं. १४ वर्षं पूर्ण झाली की दहावीला बसता येतं, मराठी माध्यम आहे, पाच विषय एकदम न देता एकेक देता येतात, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायला राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्मही असतो. आमचं ठरलंय एनआयओएसचं, पण मुलीच्या मनात काय येईल त्यावर आहे.

कारण आमच्या घरी दर जूनमध्ये एक गोष्ट होते. शाळा उघडायच्या आधी आम्ही दोन्ही मुलांना विचारतो, यंदा काय करायचं? खरंच विचारतो. आईच्या त्या वाक्यानंतर मी मनाशी ठरवलं होतं की घरी बसवणं आणि घरी शिकणं यात फरक असेल तर तो इथेच असेल, की मुलाला दार उघडून बाहेर जाता येतं की नाही.

यंदाच्या जूनमध्ये धाकट्याने, तो नऊ वर्षांचा आहे आणि आजवर एकदाही शाळेत गेला नव्हता, सरळ सांगितलं, मला शाळेत जायचंय. मित्र जातात, घंटा वाजते, मला पण जायचंय. मला लागलं ते, खोटं कशाला बोलू. तीन दिवस मी त्याला हळूच वळवायचा प्रयत्न केला. घरी किती मोकळं असतं, कासला जायचंय ना, वगैरे. मोठीनेच मला थांबवलं. म्हणाली, आई, तू विचारलंस ना? मग आता त्याचं ऐक.

दुसऱ्या दिवशी घराजवळच्या नगरपालिकेच्या शाळेत गेलो. ऑफिसमध्ये आधीच्या शाळेचा दाखला मागितला, म्हटलं नाहीये. मग कायद्यातलं चौथं कलम काढून दाखवलं, कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला वयानुसार वर्गात प्रवेश द्यायचा असतो आणि कमी पडेल तिथे जादा शिकवायचं असतं. मुख्याध्यापक बाईंनी शांतपणे वाचलं, त्याच्याकडून एक उतारा वाचून घेतला आणि चौथीत नाव लिहिलं.

पहिल्या दिवशी सोडायला माझी आई आली होती, मुद्दाम कोरेगावहून सकाळच्या एसटीने. डबाही तिनेच भरला. धाकटा आत पळाला, मागे वळून बघितलंही नाही. मला वाटलं आता आई म्हणेल, बघ, मी सांगत होते. ती काही म्हणाली नाही. तिने मोठीचा हात धरला आणि विचारलं, "आपलं सवायकीचं कुठवर आलं होतं गं?" आणि दोघी मंडईच्या दिशेने चालायला लागल्या, सव्वा, अडीच, पावणेचार, पाच करत, आणि मी मागून पिशव्या घेऊन.