सायलेन्सर फुटलाय, पण नेमका कुठे?

नमस्कार श्रोतेहो.

पावसाळा सरल्यावर एका सकाळी मी गाडी सुरू केली, तर समोरच्या गॅलरीतून वहिनींनी विचारलं, "भावोजी, ट्रॅक्टर घेतलात की काय?" गाडी जुनीच, बारा वर्षांची, पेट्रोलवरची. आवाज तेवढा नवीन. गॅरेजमध्ये नेली. पोरगा वाकला, ऐकलं, म्हणाला, "काका, काहीच आवाज नाही." आणि खरंच नव्हता! घरी परतलो, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ट्रॅक्टर.

यातली गंमत अशी, की इंजिनाला चिकटून धूर गोळा करणारा जो मॅनिफोल्ड असतो, त्याचं पॅकिंग गेलं तर थंडपणी फट उघडी असते आणि टिक-टिक ऐकू येते. धातू तापून फुगला की फट मिटते. गॅरेज गाठेपर्यंत गाडी तापते, मग मेकॅनिकला काय ऐकू येणार? ही गळती घरीच, सकाळीच सापडते.

आम्ही रत्नागिरीची माणसं. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस पत्र्याला बाहेरून खातोच, पण सायलेन्सर आतूनही सडतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. लांब गेलात तर सायलेन्सर तापतो आणि वाफ निघून जाते. बाजार, शाळा, घर अशा दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत तिचं आतच पाणी होतं आणि तळाला साचतं. वरून धडधाकट दिसणारा डबा स्क्रू-ड्रायव्हरने टोचला, तर पापडासारखा मोडला माझ्याकडे.

आवाजाचं एक वेळ सोडा. खरी भीती धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड वायूची. त्याला ना रंग, ना वास. 'धुराचा वास येत नाही, म्हणजे गळती नाही' हे डोक्यातून काढून टाका. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून घट्ट चिकटतो. गाडीत डोकं जड होतंय, मळमळतंय आणि बाहेर आल्यावर बरं वाटतंय, असं झालं तर गाडी थांबवा, सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा, त्रास जास्त असेल तर 108 ला फोन लावा. करोनापासून घरोघरी आलेला ऑक्सिमीटर इथे फसवतो बरं का. या वायूने बांधलेलं हिमोग्लोबिनही त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं, आणि तो खुशाल 98 दाखवतो.

तर शोधायचं कसं? गाडी रात्रभर थंड हवी आणि उघड्यावर हवी. शटर ओढलेल्या गॅरेजात तर बिलकूल नाही. आधी इंजिन बंद ठेवून टॉर्चने प्रत्येक जोड बघा. जिथून वायू निसटतो, तिथे काजळीचा काळा ओघळ असतो. मग बाटलीत साबणाचं पाणी भरा, गाडी सुरू करा आणि जोडांवर फवारा. घरातल्या कुणाला तरी मागे ओल्या फडक्याचा बोळा टेल पाईपवर दोन-तीन सेकंद हलकेच धरायला सांगा. पूर्ण दाबलात तर इंजिन बंद पडेल. माझ्याकडे हे काम मुलीने केलं, मी कडेला आडवा पडून बघत होतो. मधल्या जोडावर बुडबुडे आले, भाताच्या पेजेला येतात तसे. पाच मिनिटांत उरका, पाईप तापला की पाणी नुसतं चरचरतं. मॅनिफोल्डजवळची टिक-टिक हेरायला बागेच्या नळीचा हातभर तुकडा कानाला लावा, फक्त पंख्यापासून आणि पट्ट्यापासून लांब धरा.

इंजिन चालू असताना गाडीखाली शिरू नका. बंद असतानाही नुसत्या जॅकच्या भरवशावर नको. आपल्याकडे जांभ्याचे चिरे लावायची खोड आहे. चिरा फुटतो तेव्हा विचारून फुटत नाही. जॅक स्टँड घ्या.

मागच्या डब्याला बारीक भोक असेल तर तारेच्या ब्रशने गंज काढा, सायलेन्सरची पुट्टी लावा, वरून पत्रा आणि क्लॅम्प. नळाच्या गळतीला लावतो तो साधा लगदा इथे टिकत नाही. जोडाचं पॅकिंग बदलायचं असेल तर नटांवर गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री मारून ठेवा. मी घाई केली आणि नट बसतो तो एक स्टड कटकन तुटला, अर्धा आत. त्याला बाहेर काढण्याची मजुरी पॅकिंगच्या किमतीच्या वर गेली.

पण गळती पुढच्या बाजूला, मॅनिफोल्डपाशी असेल तर पुट्टीचा मोह टाळा. तिथली फट मधूनमधून बाहेरची हवा आतही ओढते. पुढे नळीत बसलेल्या, धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, गाडीचा कॉम्प्युटर आणखी सोडतो आणि अ‍ॅव्हरेज घसरतं. हे काम मेकॅनिकचं. त्याला मात्र ठणकावून सांगा, की गाडी रात्री ठेवून घे आणि सकाळी थंड असताना ऐक. वेल्डिंग करणार असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला लावा.

आणि एक राहिलं. बऱ्याच सायलेन्सरच्या तळाशी टाचणीपेक्षा थोडं मोठं, गोल, नीट पाडलेलं भोक असतं. त्यातून पाणी ठिबकतं. ती गळती नव्हे, कारखान्यानेच पाणी जायला ठेवलेली वाट आहे. मला हे ठाऊक नव्हतं, तेव्हा मी ते मोठ्या अभिमानाने पुट्टीने बुजवलं होतं. पुढच्या पावसाळ्यानंतर डबा मोडला तो त्याच जागी, पुट्टी शाबूत ठेवून.

नमस्कार.