दुसऱ्या मात्रेवर काहीच नाही: ‘बी माय बेबी’चा ठेका उलगडताना

[क्लोज-अप: टेबलावर हात. धम्… ध-धम्… थाड!]

तीनदा धम्, एकदा थाड. हे कुठेतरी ऐकलंय असं वाटलं ना? मूळ ठेका १९६३ सालचा, हॉलिवूडच्या गोल्ड स्टार स्टुडिओतला. गाणं ‘बी माय बेबी’. ग्रुप द रोनेट्स, म्हणजे न्यूयॉर्कच्या तीन मुली: रॉनी बेनेट, तिची बहीण एस्टेल आणि मावसबहीण नेड्रा टॅली. गाणं लिहिलं जेफ बॅरी, एली ग्रीनविच आणि निर्माता फिल स्पेक्टर या तिघांनी. बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं, पहिल्यावर कधीच नाही. तेव्हा वर ‘शुगर शॅक’ नावाचं गाणं ठाण मांडून बसलं होतं. आज ते किती जणांना आठवतं, कमेंटमध्ये सांगा.

आज तीन गोष्टी उघडून बघू: ठेका, कॉर्ड (एकाच वेळी वाजणारे तीन-चार स्वर) आणि खोली, म्हणजे रेकॉर्डिंगची जागा. ठेका सगळ्यात सोपा वाटतो आणि तिथेच बहुतेक जण चुकतात.

[पडद्यावर: १६ चौकोनांची पट्टी]

चार मात्रांचं आवर्तन. प्रत्येक मात्रेचे चार भाग केले की सोळा चौकोन. किक, म्हणजे पायाचा मोठा ड्रम, येतो १, ७ आणि ९ नंबरच्या चौकोनात. स्नेअर, म्हणजे ‘थाड’ वाजणारा काठीचा ड्रम, फक्त १३ मध्ये. लय मिनिटाला साधारण १३० ठोके. झालं, एवढंच.

आता हाताने वाजवून बघा. तोंडाने एक-दोन-तीन-चार मोजा. एकवर धम्. दोनवर हात वर ठेवा, काही वाजवायचं नाही. दोन आणि तीनच्या बरोबर मध्ये ‘ध’, तीनवर ‘धम्’, चारवर ‘थाड’. पहिली चूक इथे होते: मधला ‘ध’ नकळत दोनवर जाऊन बसतो. मग एक, दोन, तीन, चार सगळं सरळ रांगेत येतं आणि शाळेच्या कवायतीसारखं वाजतं.

दुसरी चूक मोठी. पाश्चात्त्य पॉपमध्ये स्नेअर दोनवर आणि चारवर मारायची रीत आहे. कानाला तीच सवय असते. कव्हर बँडचा, म्हणजे दुसऱ्यांची गाणी वाजवणाऱ्या बँडचा ड्रमर पहिल्या दोन आवर्तनांत नीट वाजवतो आणि तिसऱ्यात त्याचा हात आपोआप दोनवर पडतो. पडला की खेळ खलास. कारण या ठेक्यात दोनची जागा रिकामी आहे म्हणूनच चारचा थाड एवढा मोठा वाटतो. कान दोनवर स्नेअरची वाट बघतो, तो येत नाही, आणि अख्खं वजन चारवर कोसळतं.

मूळ रेकॉर्डिंगवर ड्रमर होता हॅल ब्लेन. पुढे त्याने सांगितलं की दोनवरचा ठोका चुकून राहिला, मग तो तसाच वाजवत गेला. खरं-खोटं तोच जाणे. पण ठेवायचा निर्णय कुणाच्या तरी कानाने घेतला, हे नक्की.

[पेटी समोर ओढून]

आता पेटी. गाणं ई मेजरमध्ये आहे, म्हणजे आपली पांढरी तीन. पांढरी तीनला सा धरा. कडव्याची सुरुवात साधी: ई, मग एफ शार्प मायनर, मग बी सेव्हन, आणि परत घरी, म्हणजे ईवर. हे दोनदा. इथपर्यंत त्या काळातल्या शंभर गाण्यांसारखंच आहे.

मग ते घर सोडतं. पुढच्या कॉर्ड अशा: जी शार्प सेव्हन, सी शार्प सेव्हन, एफ शार्प सेव्हन, बी सेव्हन. प्रत्येक दोन आवर्तनं. पेटीवर त्यांचे पाये म्हणजे काळी चार, काळी एक, काळी तीन, पांढरी सात. सरगममध्ये ग, ध, रे, प. प्रत्येक पाया पुढच्याचा पंचम आहे, त्यामुळे प्रत्येक कॉर्ड पुढच्या कॉर्डला ‘आता तू सा हो’ म्हणते, आणि पुढची सा व्हायच्या आत तीही तेच म्हणते.

गंमत या कॉर्डच्या आत आहे. सावकाश वाजवतो, बोटांकडे बघा.

[कॅमेरा वरून]

जी शार्प सेव्हन: काळी चार, पांढरी एक, काळी दोन, काळी तीन. यातली पांढरी एक म्हणजे आपला कोमल ध. स्केलबाहेरचा. तो सरकतो शुद्ध धवर, आणि तोच पुढच्या कॉर्डचा पाया. सी शार्प सेव्हनमध्ये पांढरी चार, म्हणजे कोमल रे. तो सरकतो शुद्ध रेवर, परत पुढचा पाया. एफ शार्प सेव्हनमध्ये काळी पाच, तीव्र म. तो सरकतो पवर. शेवटी बी सेव्हनमध्ये शुद्ध नी, आणि तो सोडतो थेट सावर. तिथे मुखडा.

कोमल रे, तीव्र म, कोमल ध: शास्त्रीय शिकणाऱ्यांच्या भुवया वर गेल्या असतील. हो, स्वर ‘पूर्वी’ नावाच्या थाटाचे आहेत. पण राग शोधत बसू नका, हे स्वर एकदम येत नाहीत, एकामागून एक येतात आणि लगेच जातात. यांचं काम ढकलण्याचं आहे. आठ आवर्तनं, साधारण १५ सेकंद, सा आपल्या हातात येत नाही. ठेक्यात दोनची मात्रा अडवली होती, इथे घर अडवलंय. म्हणून मुखडा सुरू झाल्यावर तो आधीच ओळखीचा वाटतो, पहिल्यांदा ऐकताना सुद्धा.

मुखड्याच्या कॉर्ड सांगायच्या तर ई, सी शार्प मायनर, ए, बी. त्या काळातली सगळ्यात घासलेली चाल. त्यात काही नाही. जे आहे ते आधीच्या १५ सेकंदांत.

आता खोली. इथे जरा थांबावं लागेल, कारण ‘वॉल ऑफ साउंड’, म्हणजे स्पेक्टरचा तो भिंतीसारखा दाट आवाज, म्हटलं की लोक रिव्हर्बचं (आवाज घुमवण्याचं) बटण शेवटपर्यंत फिरवतात.

स्पेक्टरच्या सेशनमध्ये एकेका जागी तीन-तीन, चार-चार वादक असायचे. अनेक गिटार, एकाहून जास्त पियानो, बास, ब्रास, कॅस्टनेट्स, शेकर. सगळे एका बेताच्या खोलीत, एकाच वेळी वाजवणारे. संयोजन जॅक निट्शेचं, रेकॉर्डिंग इंजिनियर लॅरी लेव्हिन. गिटारच्या माइकमध्ये पियानो शिरतो, पियानोच्या माइकमध्ये ड्रम. एरवी इंजिनियर हे टाळायला धडपडतो. इथे तेच हवं होतं: गिटार कुठे संपते आणि पियानो कुठे सुरू होतो ते कळायला नको.

हा एकत्र आवाज मग एको चेंबरमध्ये जायचा. चेंबर म्हणजे मशीन नव्हे, जाड सिमेंटच्या गिलाव्याची खरीखुरी रिकामी खोली. एका टोकाला स्पीकर, दुसरीकडे माइक. स्पीकरचा आवाज भिंतींवर आपटत माइकपर्यंत येतो, आणि तो मूळ आवाजात मिसळतात. तंतुवाद्यं आणि गाणं नंतर भरलं. आणि शेवटी सगळं मोनो, एका स्पीकरमधून, कारण गाणं ऐकलं जाणार होतं गाडीतल्या रेडिओवर.

घरी लॅपटॉपवर करायचं असेल तर नीट ऐका. एकदा वाजवलेली गिटार चारदा कॉपी-पेस्ट केली तर भिंत होत नाही, फक्त आवाज वाढतो. एक कॉपी म्हणजे ६ डेसिबल, बाकी काही नाही. तोच भाग चारदा खरंच वाजवा. एकदा उघड्या कॉर्ड, एकदा कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून वरच्या जागी, जमलं तर दुसऱ्या गिटारवर. प्रत्येक वेळी हात केसभर पुढेमागे पडतो, त्या केसभर फरकातूनच जाडी येते. म्हणून क्वांटाइझ, म्हणजे कॉम्प्युटरकडून ठोके तंतोतंत जागेवर बसवून घेणं, करू नका.

रिव्हर्ब प्रत्येक ट्रॅकवर वेगळा टाकू नका. एकच चेंबर रिव्हर्ब बसवर, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक वाटेवर ठेवा, सगळे ट्रॅक त्यात पाठवा. कालावधी दोन सेकंदांच्या आसपास, परत येणारा आवाज २०० हर्ट्झच्या खाली कापलेला, आणि तोही मोनो. खालचा भाग कापला नाही तर किक आणि बास चिखलात रुततात, आणि मग तो ‘ध’ ऐकूच येत नाही. स्नेअर मात्र सढळ हाताने पाठवा.

एवढ्या गदारोळावर एकच आवाज तरंगतो, रॉनीचा. तो बारीक नाही, थोडा खरखरीत आहे, आणि स्वराच्या शेवटी मोठं कंपन. ती न्यूयॉर्कहून विमानाने आली आणि स्टुडिओच्या लेडीज रूममध्ये सराव करायची, कारण तिथल्या भिंतींत आवाज छान घुमतो. मागच्या कोरसमध्ये गायिका डार्लीन लव्ह, गायक सनी बोनो आणि १७ वर्षांची शेर (Cher), पुढची पॉपस्टार, आहे.

पैशाचं सांगायलाच हवं. रोनेट्सना सुरुवातीला तिघींत मिळून सुमारे १५ हजार डॉलर ॲडव्हान्स मिळाला, त्यानंतर रॉयल्टी नाही. त्या कोर्टात गेल्या. २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: रेकॉर्डविक्रीची रॉयल्टी द्या, पण गाणं सिनेमात वापरल्याच्या पैशांवर गायिकांचा हक्क नाही. १९६३ च्या करारात सिनेमाचा उल्लेखच नव्हता आणि मूळ रेकॉर्डिंगची मालकी स्पेक्टरकडे होती. मुलींनी सही केली तेव्हा तो कागद कुणी त्यांच्या बाजूने वाचला असता तर, असं वाटत राहतं. रॉनीने पुढे त्याच माणसाशी लग्न केलं आणि त्या घरातल्या कोंडमाऱ्याबद्दल लिहिलंही. २००९ मध्ये तो एका खुनाच्या खटल्यात दोषी ठरला, २०२१ मध्ये कैदेत असतानाच वारला. रॉनी गेली जानेवारी २०२२ मध्ये.

[हेडफोन उचलून]

आता एक काम करा. गाणं लावा आणि शेवटाकडे जा. सगळं थांबतं, एकटा ड्रम परत येतो, तोच ठेका. दोनची जागा अजूनही रिकामी आहे का ते मोजा. मग मुखडा सुरू होतो आणि आवाज हळूहळू कमी व्हायला लागतो. तिथे व्हॉल्यूम वाढवा. पूर्ण गाणंभर हात आखडून बसलेला ब्लेन तिथे सुटतो, लांब-लांब रोल मारतो, आणि ते धड ऐकू येईपर्यंत रेकॉर्ड संपलेली असते.