रक्ताचा एक ठिपका

बोटाला सुई टोचली. क्षणभर काहीच नाही. मग थेंब फुगत वर येतो आणि जाड टीपकागदावर आखलेल्या वर्तुळात उतरतो. वर्तुळ काठापर्यंत भरायला हवं, म्हणून आणखी एक थेंब. आता हा कागद तासन्‌तास नुसता सुकू द्यायचा.

किशोरवयीन मूल दारू पितं का, हे कळावं म्हणून या ठिपक्यात शोधायचंय फॉस्फॅटिडिलइथेनॉल. प्रयोगशाळेत त्याला नुसतं ‘पेथ’ म्हणतात. दारू रक्तात मिसळली की तांबड्या पेशींच्या आवरणात हा रेणू तयार होतो. त्याला दारूच लागते. फुंकरीच्या यंत्रातली खूण काही तासांत जाते, ही मात्र नियमित किंवा भरपूर पिणाऱ्याच्या रक्तात २ ते ४ आठवडे सापडते.

सुकलेल्या ठिपक्यातून यंत्र ही एवढीशी चकती कापतं. चकती द्रावणात भिजते, रेणू सुटतात, मास स्पेक्ट्रोमीटर त्यांना वस्तुमानावरून ओळखतो. पडद्यावर उभं राहिलेलं ते टोक बघा. तेच पेथ.

मोठ्यांसाठी वर्षानुवर्षं यकृताची जीजीटी चाचणी वापरली गेली. किशोरांमध्ये तिचा फारसा उपयोग नाही. जीजीटी वाढायला बराच काळ सतत पिणं लागतं, आणि सोळा वर्षांचं पोर एका रात्रीत खूप पितं, मग कित्येक दिवस थेंबही घेत नाही. दारूपासून शरीरात बनणारं इथाइल ग्लुकुरोनाइड लघवीत दोन-तीन दिवस दिसतं, पण माउथवॉश किंवा हँड सॅनिटायझर वारंवार वापरला तरी थोडं उमटू शकतं. ते केसांतही उतरतं. केस महिन्याला साधारण १ सेंमी वाढतात, म्हणून मुळाजवळच्या ३ सेंमीत तीन महिने वाचता येतात. ब्लीच केलं असेल तर तेही पुसट होतं.

यातली एकही चाचणी सांगत नाही, की मूल का प्यायलं.

म्हणून आधी ही खोली, या दोन खुर्च्या. आईवडील बाहेर थांबलेत. किशोरांना दारू-ड्रग्जबद्दल विचारायच्या ‘क्राफ्ट’ प्रश्नावलीत एक प्रश्न आहे: मन हलकं व्हावं म्हणून कधी पितोस का? ते फक्त हा मुलगाच सांगू शकतो. समजत्या वयाच्या मुलाची त्याच्या संमतीशिवाय चाचणी करायला अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९६ मध्येच विरोध नोंदवला. आम्हालाही तेच पटतं. चोरून घेतलेल्या नमुन्यानंतर मूल डॉक्टरांशी मोकळं बोलणं अवघड.

खूण सापडली तर पुढे समुपदेशन, गरज पडली तर उपचार.

संमतीचा कागद टेबलावर आहे. मुलाने पेन उचललंय, सही अजून केलेली नाही. डॉक्टर थांबल्या आहेत.