कडक स्प्रिंग नेमकी कशासाठी?

मंडळी, वळणात गाडी कमी झुकली म्हणजे चाकांवरचा भारही कमी सरकला, असा एक पक्का समज असतो. सुरुवात तिथूनच करू, कारण पुढचे बरेच महागडे घोटाळे त्यातूनच होतात. १४०० किलोची गाडी घ्या. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १६० सेंटिमीटर. ती १ जी ने (म्हणजे गाडीच्या वजनाइतक्या आडव्या बलाने) वळत असेल, तर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर साधारण ४४० किलो भार जातो. स्प्रिंगा मऊ असोत की कडक, आकडा जवळपास तोच. तो कमी करायचा तर गाडी हलकी करा, खाली बसवा किंवा चाकांमधलं अंतर वाढवा.

मग कडक स्प्रिंग करते काय? मुख्यतः दोन कामं. पहिलं, टायर जमिनीवर सपाट ठेवणं. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत (जिथे वरचा आर्म नसतो, चाक स्प्रिंगच्या खांबालाच घट्ट जोडलेलं असतं) बॉडी झुकली की बाहेरचं चाकही तिच्याबरोबर कलतं आणि टायर नुसत्या बाहेरच्या कडेवर चालतो. म्हणून ट्रॅकसाठी पुढच्या चाकांना अडीच-तीन अंश निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत कललेला) देतात. रोजच्या रस्त्यावर मात्र तोच कॅम्बर सरळ रेषेतल्या ब्रेकिंगची पकड कमी करतो आणि टायरची आतली कड झिजवतो. डबल विशबोनमध्ये (चाकाला वर आणि खाली असे दोन आर्म) वरचा आर्म आखूड असला की चाक वर जाताना आपोआप आत कलतं. मग झुकणं थोडं जास्त असलं तरी चालतं. पोर्शने २०२१ मध्ये ९११ जीटी३ च्या पुढच्या चाकांना डबल विशबोन दिलं, ते उगाच नव्हे.

दुसरं काम, म्हणजे वेगात हवेच्या दाबाखाली गाडी खाली दबू न देणं. ते समजायला थोडा हिशेब लागतो. स्प्रिंगवर छापलेला आकडा चाकाला तसाच मिळत नाही. चाक १० मिलिमीटर वर गेल्यावर स्प्रिंग ७ मिलिमीटर दबत असेल, तर मोशन रेशो ०.७. त्याच्या वर्गाने स्प्रिंगचा आकडा गुणायचा. म्हणजे ६० न्यूटन प्रति मिलिमीटरची स्प्रिंग चाकाशी जेमतेम २९ ची उरते. त्या कोपऱ्यावर ३०० किलो वजन असेल, तर बॉडीची फ्रीक्वेन्सी (सेकंदाला किती वेळा ती वर-खाली डुलते) साधारण १.६ हर्ट्झ येते. रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारला हे ठीक आहे. १२० ची स्प्रिंग घातली की २.२ हर्ट्झ, आणि आता खराब रस्त्यावर टायर खड्ड्याचा तळ गाठायच्या आत पुढे निघून जातो.

पण ९११ जीटी३ आरएस घ्या. २०२२ च्या या मॉडेलवर ताशी २८५ किलोमीटरला ८६० किलो डाउनफोर्स (पंखामुळे हवेचा खाली पडणारा दाब) येतो. चाकाशी ३० न्यूटनच्या स्प्रिंगा असत्या आणि हा भार चारही चाकांवर सारखा वाटला, तर गाडी ७० मिलिमीटर खाली दबली असती. ६० ला ३५. इथे कडकपणाला पर्याय नाही. ज्या गाडीला असा पंखच नाही, तिने या स्प्रिंगा कशाला घालाव्यात? अल्पाइन ए११० चं उदाहरण मला जास्त पटतं: सुमारे ११०० किलो वजन, चारही चाकांना डबल विशबोन, तुलनेने मऊ स्प्रिंगा आणि चाकाच्या वर जाण्याच्या शेवटच्या टप्प्याला हायड्रॉलिक स्टॉप.

स्प्रिंग दुप्पट कडक केली की डॅम्पिंग (डॅम्परने स्प्रिंगचं डुलणं शमवणं) सुमारे १.४ पट लागतं. जुनेच डॅम्पर ठेवले तर प्रत्येक उंचवट्यानंतर गाडी डुलत राहते. मग लोक रीबाउंड (स्प्रिंग सुटताना डॅम्परचा अडथळा) गच्च पिळतात, आणि तिथे उलटा प्रकार होतो: पुढचा उंचवटा येईपर्यंत चाक पुरतं खाली येत नाही, गाडी पायरीपायरीने खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर (दांड्याच्या शेवटच्या अडणीवर) टेकते. डॅम्परच्या सेटिंगमधले लो-स्पीड आणि हाय-स्पीड हे शब्द डॅम्परच्या दांड्याच्या वेगाबद्दल असतात, गाडीच्या नव्हे. स्टीअरिंगला गाडी किती चटकन प्रतिसाद देते ते लो-स्पीडवर, कर्ब (ट्रॅकच्या कडेचे उंचवटे) आणि खड्डे हाय-स्पीडवर. रस्त्यावरही वापरायच्या गाडीत हाय-स्पीड कॉम्प्रेशन (दबतानाचा अडथळा) मोकळंच ठेवावं.

अँटी-रोल बारची (डाव्या-उजव्या चाकांना जोडून झुकणं रोखणाऱ्या दांड्याची) ताकद व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते. भरीव बार २४ ऐवजी २६ मिलिमीटरचा घातला तर तो सुमारे ३८ टक्के कडक होतो. तो सरकणारा एकूण भार बदलत नाही, पुढे-मागे वाटणी तेवढी बदलतो. टायरवर भार दुप्पट झाला तरी पकड दुप्पट होत नाही, म्हणून पुढचा बार कडक केला की अंडरस्टीअर (पुढची चाकं वळणाबाहेर सरकणं) वाढतो, मागचा केला की ओव्हरस्टीअर (मागची बाजू बाहेर सरकणं). फार कडक बार एका चाकाचा खड्डा दुसऱ्या चाकाला पोचवतो, आणि मागचा असेल तर रिअर-व्हील ड्राइव्हचं आतलं चाक वर उचलून नुसतं फिरवतो.

गाडी ३० मिलिमीटर खाली बसवताना दोन गोष्टी सुटतात. मॅकफर्सनमध्ये रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती बॉडी झुकते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातं, म्हणजे झुकायची ओढ वाढते. आणि बंप ट्रॅव्हल (चाकाला वर जायला असलेली जागा) संपतो. भर वळणात मागचा बंप स्टॉप लागला की त्या चाकाचा कडकपणा एकदम वाढतो आणि मागची बाजू सुटते. चालवणारा दोष टायरला देतो. डॅम्परच्या दांड्याला झिप टाय बांधून एक फेरी मारा, दांडा कुठवर आत गेला ते दिसतं.

आर्मच्या सांध्यातल्या रबरी बुशच्या जागी रोझ जॉइंट (रबर नसलेले धातूचे गोल सांधे) बसवले की स्टीअरिंग नेमकं होतं. आवाज, कंप आणि धुळीने होणारी झीज सोबत येते.

सेटिंग करताना आधी गरम टायरचं प्रेशर आणि आत-मध्ये-बाहेर असं तिन्ही ठिकाणचं तापमान घ्या. आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा ५ ते १० अंश सेल्सियस गरम असेल तर कॅम्बर ठीक. मग बार, मग डॅम्पर एका वेळी दोन क्लिक, आणि स्प्रिंग सर्वांत शेवटी. कॉर्नर वेट (प्रत्येक चाकावरचं वजन) मोजताना चालकाचं वजन सीटवर हवं आणि बारच्या लिंक सोडलेल्या हव्यात; क्रॉस वेट (एक पुढचं आणि त्याच्या तिरकस समोरचं मागचं चाक यांचा मिळून वाटा) ५० टक्क्यांच्या जवळ आणा. कोपऱ्यांची उंची यात बदलतेच, आणि तिच्याबरोबर टो (चाकांचं पुढचं टोक आत-बाहेर वळलेलं असणं) आणि कॅम्बरही, म्हणून अलाइनमेंट त्यानंतर करा.