कॅमेऱ्याकडे न पाहण्याची विद्या

कोरियन पॉपमधला एखादा लोकप्रिय गायक मालिकेत दिसू लागला की, त्याला ही भूमिका चाहत्यांच्या जोरावर मिळाली, असा आक्षेप घेतला जातो आणि तो अगदीच निराधार म्हणता येत नाही. २००६ साली 'बेबी व्हॉक्स' या गटातून आलेल्या यून उन-हे हिची 'प्रिन्सेस अवर्स' या मालिकेत निवड झाली, तेव्हा तिला बराच विरोध झाला होता. पुढच्याच वर्षी आलेल्या 'कॉफी प्रिन्स'नंतर ती कुरबूर ओसरली. भूमिका कशी मिळते यापेक्षा, ती मिळाल्यावर गायकाला काय विसरावे लागते, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो.

'म्युझिक बँक'सारख्या साप्ताहिक संगीत कार्यक्रमात एकाच गाण्यावर अनेक कॅमेरे रोखलेले असतात. गटातल्या एकेकाच्या वाट्याला मोजक्याच ओळी येतात, त्यामुळे आपल्यावर कोणता कॅमेरा आहे हे क्षणार्धात हेरून थेट भिंगात पाहण्याची सवय त्याच्या अंगी मुरवली जाते. मालिकेत नेमकी हीच सवय आड येते, कारण तिथे पात्राला आपल्याकडे कोणी पाहत आहे याचा पत्ताच नसतो. असा नट भिंगाकडे पाहत नसला, तरी त्याचा चेहरा भिंगासाठी सजलेलाच राहतो, आणि प्रेक्षकाला ते लगेच जाणवते.

आययू, म्हणजे ली जी-उन, हिचा प्रवास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. ती गटातली नव्हे, एकल गायिका. २००८ साली, पंधराव्या वर्षी, तिचे पहिले गाणे आले आणि २०१० च्या 'गुड डे'मधल्या पायरी-पायरीने चढत जाणाऱ्या तीन तार स्वरांनी तिचे नाव घरोघरी पोहोचले. पुढे 'ड्रीम हाय', ५० भागांची 'यू आर द बेस्ट, ली सून-शिन', अशा मालिका तिने केल्या. २०१६ च्या 'मून लव्हर्स'मधल्या अभिनयावर मात्र टीका झाली.

२०१८ साली 'माय मिस्टर' आली. कर्जात बुडालेली आणि बहिऱ्या आजीला सांभाळणारी ली जी-आन ही कंत्राटी कर्मचारी आपल्या वरिष्ठाच्या फोनवर पाळत ठेवते आणि इअरफोन लावून त्याचे दिवसभराचे आयुष्य ऐकत राहते. जिची सारी कीर्ती गळ्यावर उभी, तिला लेखिका पार्क हे-यंग आणि दिग्दर्शक किम वॉन-सोक यांनी ऐकण्याचे काम दिले! चालताना, बसमध्ये, अंधाऱ्या खोलीत ती केवळ ऐकते. त्या चेहऱ्याला कोणासाठीही तयार राहायचे नसते. याच दिग्दर्शकाने २०१४ च्या 'मिसेंग'मध्ये 'झेडई:ए' या गटातल्या इम सी-वान याला बादुक या बुद्धिबळासारख्या पटावरच्या खेळात अपयशी ठरून कचेरीत उमेदवारी करणाऱ्या, सर्वांच्या नजरेतून सुटणाऱ्या तरुणाची भूमिका दिली होती, तेव्हा हा योगायोग नसावा.

२०२५ च्या 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरीन्स'मध्ये किम वॉन-सोक यांनीच आययूला दुहेरी भूमिका दिली: तरुण एसून आणि पुढे तिची मुलगी गम-म्योंग. दुहेरी भूमिकेचे कौतुक सहज होते, म्हणून मी 'माय मिस्टर'ला थोडे वरचे स्थान देतो. तरीही उत्तरायुष्यातली एसून मून सो-री साकारते, त्यामुळे मुलीच्या भूमिकेतल्या आययूला आपणच घडवलेल्या पात्राकडे दुसऱ्या अभिनेत्रीच्या रूपात, त्याची काहीच ओळख नसल्यासारखे पाहावे लागते, आणि ते तिला साधले आहे.